आक्काचे डॉक्टर

शिंगाडे डॉक्टर भेटले की नमस्कार करायच्या आधी समोरच्याच्या कानामागं बघतात. चोरून नाही, उघड. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान वाकडी करायची आणि बाजारात पेरू पारखावा तसं निरखायचं. डावा कान झाला की हनुवटी हलकेच वळवून उजवा. मग समाधानानं म्हणतात, "स्वच्छ हाय. बोला."

माणूस नवीन असेल तर तोवर तो कशासाठी आला होता हेच विसरलेला असतो.

डॉक्टर जनावरांचे. सगळी नोकरी बारामती आणि इंदापूर तालुक्यात गेली, आता निवृत्त होऊन शेळगावात राहतात. लोक त्यांना गोचीड डॉक्टर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. स्वतः मात्र ते गोचीड हा शब्द फारसा वापरत नाहीत. ते म्हणतात 'पाव्हणं'. गाईच्या कानात बोट घालून मालकाला विचारतील, "पाव्हणं कधी आलं?" मालक म्हणाला परवा, तर म्हणतील, "परवा आलेलं येवढं फुगत न्हाय. चांगलं मुक्कामाला हाय की." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "रक्त पितंय त्याचं काय न्हाय वो. जाताना मागं काय ठेवून जातंय ते बघा."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी नेहमी दोन-तीन छोट्या बाटल्या असतात. स्पिरिटमध्ये बुडालेल्या गोचिडी. एकदा काटेवाडीच्या फाट्यावर चहा पिताना त्यांनी एक बाटली टेबलावर ठेवली. हॉटेलवाल्याला वाटलं एरंडीचं बी आहे. कुठल्या जातीचं म्हणून त्यानं विचारलं. डॉक्टरांना असा प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी बाटली त्याच्या हातात दिली आणि जात, पोटजात, खानदान सगळं सांगितलं. हॉटेलवाला तेव्हापासून त्यांना चहा बाहेरच्या बाकावर देतो.

निमगाव केतकीतल्या एका लग्नाची गोष्ट अजून सांगतात. मिरवणूक मांडवाकडं निघाली होती, नवरदेव घोडीवर, बँड जोरात. डॉक्टर वऱ्हाडी म्हणून आले होते. घोडी मधूनच मान झाडत होती. डॉक्टरांनी ते पाहिलं, पुढं झाले, लगाम धरला आणि खिशातून चिमटा काढला. नवरदेव वर बसलेला, खाली डॉक्टर घोडीच्या कानात डोकं घालून उभे. बँडवाल्यांना वाटलं हा काही मानाचा विधी असेल, त्यांनी चाल बदलून हळू केली. नवरीचा मामा मांडवातून धावत आला. "डॉक्टर, मुहूर्त टळतोय," तो म्हणाला. "हिचा ताप टळू द्या आदी," डॉक्टर म्हणाले. सगळं आवरल्यावर त्यांनी वर नवरदेवाकडं पाहिलं. "वाका जरा. तुमचंबी बघू."

त्यांची बायको पुण्याला मुलाकडं असते. नातवंडं सांभाळायला म्हणून गेली ती तिकडंच रमली. डॉक्टरांनाही बोलावतात, पण ते जात नाहीत. "पुण्यात फ्लॅटात जनावर न्हाय, पाव्हणं न्हाय. मी करू काय?" दिवाळीत काकू चार दिवस शेळगावात येतात. एसटीतून उतरल्या की डॉक्टर आधी त्यांच्या कानामागं बघतात. काकूही पदर सारून मान वाकडी करतात. इतक्या वर्षांत तो त्यांचा नमस्कारच झाला असावा. मग त्या घरात जाऊन फ्रिज उघडतात, दुधाच्या पातेल्याखाली रक्ताच्या नळ्या बघतात आणि फ्रिज बंद करतात.

माझी आणि त्यांची ओळख रक्तामुळंच झाली. मी पॅथॉलॉजिस्ट. बारामतीत माझी लहानशी लॅब आहे, माणसांची. सकाळी शुगर तपासायला आलेल्या लोकांनी बाकं भरलेली असताना डॉक्टर एक दिवस हातात बर्फाचा थर्मास घेऊन आले. काउंटरवर सुनीता होती. ती नेहमीच्या सवयीनं खाली बघतच विचारू लागली.

"पेशंटचं नाव?"

"आक्का."

"आडनाव?"

"लावत न्हाय."

"वय?"

"सात-आठ असंल. दातावरनं सांगतोय, आन दात तुटल्यात, तवा आंदाजच."

सुनीतानं वर पाहिलं. "त्रास काय होतोय?"

"जेवत न्हाय," डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आन पिंजऱ्यात हाय."

बाकावरची माणसं एकेक इंच लांब सरकली. मी बाहेर आले. डॉक्टरांनी माझ्या कानामागं पाहिलं, स्वच्छ असल्याचं सांगितलं, खिशातून वनखात्याची परवानगी काढून दाखवली आणि विनंती केली की जनावरांची प्रयोगशाळा लांब आहे, तिथं नमुना जाईल तेव्हा जाईल, तोवर काचेवर थेंब पसरून तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता का. मी म्हटलं, बिबट्याचं रक्त मी कधी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "ते पन तुमच्याकडं कदी आलं नव्हतं."

इंदापूरच्या बाजूला, माळावर, वनखात्याचं एक छोटं निवारा केंद्र आहे. उसाच्या फडात बिबट्या सापडला की तिथं आणतात. सिमेंटची जमीन, वर पत्रा, चहूबाजूंनी गज. बांधलं तेव्हा चार-आठ दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलं होतं. ज्यांना परत सोडता येत नाही ती जनावरं मात्र तिथं वर्षानुवर्षं राहतात. बिबट्या धरला त्या दिवशी गाव लोटतं, पिंजऱ्याशेजारी उभं राहून फोटो काढतं. पुढं तो कुठं जातो हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

तिथं तेव्हा तीन बिबटे होते. दोन नर, डोळे उघडायच्या आत उसात सापडलेले, बाटलीच्या दुधावर वाढलेले. त्यांना शिकार ठाऊक नव्हती. डॉक्टर एकाला दाजी आणि दुसऱ्याला भाऊसाहेब म्हणत. तिसरी आक्का. ती काटेवाडीच्या शिवारात सापळ्यात सापडली होती आणि त्या रात्री गज चावून चावून तिनं स्वतःचे सुळे मोडून घेतले होते. सुळ्यांशिवाय बिबट्या रानात जगत नाही. म्हणून ती जन्मभर पिंजऱ्यात. केंद्राला पूर्णवेळ डॉक्टर नव्हता. शिंगाडे डॉक्टर आपण होऊन जायचे, मोटारसायकलवरून, रोज दुपारी.

आक्काच्या रक्तात त्या दिवशी मला नक्की असं काही दिसलं नाही. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून होते. "एक पेशी शंकेची वाटते, पण खात्रीनं सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पेशीच्या आत इतका बारीक जंतू असला तर नुसत्या डोळ्यांनी चुकतो. कोरोनात केली तसली पीसीआर हवी."

"तेच तर मी साहेबास्नी सांगतोय," ते म्हणाले. "गाईची तपासनी हुती, कुत्र्याची हुती. फडात तीच गाय, तेच कुत्रं, तेच पाव्हणं. बिबट्याला सोडतंय व्हय ते? पन बघतंच न्हाय कोन. मेला की लिहित्यात, वयोमानानं."

आक्का त्या वेळी आपोआप खायला लागली. डॉक्टर मात्र माझ्याकडं येत राहिले. सुनीताही सरावली. नमुना आला की ती आपणहून विचारी, "आक्का का दाजी?" आणि बाकीच्या पेशंटना सांगे, "घाबरू नका, डॉक्टरांच्या घरचीच माणसं आहेत."

मग ती बातमी आली. परराज्यातल्या एका मोठ्या प्राणी उद्यानानं तिन्ही बिबटे घ्यायची तयारी दाखवली. पिंजरे नाहीत, मोकळी आवारं. झाडं, खडक, पाणी. अट एकच होती. येण्याआधी रक्ताची पूर्ण तपासणी, आणि तीत गोचिडीमुळं होणारे सगळे आजार.

डॉक्टर पेढे घेऊन लॅबमध्ये आले. बाकावरच्या प्रत्येकाला, शुगरवाल्यांनाही, पेढा दिला. मोबाइलमध्ये त्या उद्यानाचा एक फोटो होता, तो बोटांनी मोठा करकरून दाखवत होते. एक वाकडं झाड, त्याची आडवी गेलेली जाड फांदी.

"ही फांदी बघा ताई. हितं आक्का बसंल. पाय असं खाली सोडून. बिबट्या तसाच बसतोय."

"दाजी आणि भाऊसाहेब कुठं बसतील?" सुनीतानं विचारलं.

"ती बसतीली कुटंबी. त्यास्नी झाड म्हाईतच न्हाय. आक्काला म्हाईत हाय."

मग मला म्हणाले, "येवढी वर्सं बोंबलतोय, तपासा, तपासा. पयल्यांदा कुनी तरी म्हनलं, तपासा."

रक्त घ्यायला दाबपिंजरा असतो. त्याची एक बाजू आत सरकवत नेली की जनावर चिमटीत धरल्यासारखं उभं राहतं, हलू शकत नाही. मग शेपूट गजातून बाहेर ओढून शिरेत सुई घालतात. नर ओरडले, फिस्कारले, मोकळे झाले. आक्का ओरडली नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती सगळा वेळ मान वळवून त्यांच्याकडं बघत होती. नमुने मोठ्या प्रयोगशाळेत गेले.

दाजी स्वच्छ. भाऊसाहेब स्वच्छ. आक्काच्या रक्तात जंतू होता.

केंद्राचे साहेब तरुण होते, मनानं चांगले होते. अहवाल घेऊन ते आणि डॉक्टर दोघं माझ्या लॅबवर आले. त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं की चूक असू शकते. मी म्हटलं, शक्य आहे, पण वाटत नाही. साहेबांनी दार ओढून घेतलं.

"सर, दाजीचं रक्त उरलंय ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"हाय."

"मग फेरतपासणीला त्याच्याच दोन नळ्या पाठवू. एकीवर दाजी लिहू, एकीवर आक्का. आजारी तर ती दिसत नाही. खाते, पिते. जाऊ दे ना सर तिला."

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"तितं किती बिबटं हायत?"

"असतील बरेच."

"आन झाडी?"

"झाडी तर आहेच. म्हणून तर पाठवतोय."

"मंग पाव्हणंबी असनार. हिचं रक्त पिऊन शेजारच्याला चावनार. तिला सोसलं, दुसऱ्याला सोसंलच असं न्हाय."

"त्यांच्याकडं डॉक्टर आहेत सर. ते बघतील."

"कशाला बघतीली? माझी सही आसल ना खाली. स्वच्छ म्हनून."

साहेब उठून गेले. डॉक्टर बसूनच राहिले. बाहेर सुनीता कुणाला तरी उपाशीपोटी या म्हणून सांगत होती. डॉक्टरांनी समोरचा चहा घेतला नाही.

"ताई," ते म्हणाले, "मी तपासा तपासा म्हनून नाद लावला नसता तर?"

"त्यांनी मागितलंच असतं."

"व्हय," ते म्हणाले. "मागितलंच असतं." पण त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मलाही नीट पटवता आलं नाही.

उद्यानाकडून कळलं की दोन नर पाठवा. मादीवर उपचार करा, रक्त स्वच्छ झालं की विचार करू. ट्रक आला त्या दिवशी मी गेले नव्हते. तात्या म्हणून तिथं जनावरांना खाऊ घालणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी नंतर सांगितलं. शेजारचे पिंजरे रिकामे झाल्यावर आक्का दोन दिवस त्या मधल्या जाळीशी बसून होती. तिचं आणि त्या दोघांचं कधी सख्य नव्हतं. उलट ते जवळ आले की ती गुरगुरायची. तरी बसून होती.

उपचार म्हणजे इंजेक्शन. ते फार झोंबतं, जनावराच्या तोंडाला फेस येतो, पोट बिघडतं. दर वेळी तोच दाबपिंजरा. डॉक्टर दुसऱ्या कुणाला सुई लावू देत नसत. हात जड पडेल म्हणत. इंजेक्शनांची एक फेरी झाली, काही महिने थांबून रक्त पाठवलं, जंतू होताच. दुसरी फेरी झाली. डॉक्टर वाळत चालले होते. लग्नाकार्यात दिसेनासे झाले. माझ्याकडं आले तर कानामागं बघायचे, पण स्वच्छ आहे म्हणायचं राहून जायचं.

"आता ती मला वळखती," एकदा म्हणाले. "गाडीचा आवाज आला की मागच्या भिंतीला जाती. तात्या गेले तर पुढं येती, डोकं घासती गजाला. मी दिसलो की संपलं."

"तुम्ही तिच्या भल्यासाठीच करताय," मी म्हटलं.

"तिला कसं कळावं ते?"



दुसऱ्या फेरीनंतरचा अहवाल माझ्या लॅबच्या पत्त्यावर आला. डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं होतं. थंडीचे दिवस होते. अहवाल वाचला, आणि फोनवर सांगायचं माझ्या जिवावर आलं. दुपारची लॅब सुनीतावर सोपवून मी इंदापूरच्या रस्त्याला लागले. रस्त्यानं दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. आक्का अशाच उसात जन्मली असेल असं मनात आलं.

केंद्राच्या फाटकाशी डॉक्टरांची मोटारसायकल होती, पण आतपर्यंत नेलेली नव्हती. तात्या समोर आले. साठीच्या घरातला माणूस, डोक्याला मफलर. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला हातानं दाखवलं.

पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर दोन बांबू रोवून मध्ये तरट ताणलं होतं. त्या तरटाआड, उलट्या घातलेल्या बादलीवर, डॉक्टर बसले होते. स्वेटर, मांडीवर हात, अगदी गप्प. हा माणूस गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. तरटाला डोळ्यांच्या उंचीवर एक भोक होतं, त्यातून ते बघत होते. मी जवळ गेले तरी ते वळले नाहीत. माझ्या कानाकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. शेजारी एक पोतं अंथरलं होतं, तिकडं त्यांनी बोट केलं. मी बसले.

"पुढच्या कोपऱ्यात ऊन येतंय," ते अगदी हळू म्हणाले. "येवढंच. दिवसातनं येवढाच टाइम. बाकी सगळा पत्रा. ती तितं येऊन पडली की बरी आसती. मागं ओल हाय."

मी भोकातून पाहिलं. सिमेंटवर पुढच्या कोपऱ्यात उन्हाचा एक पट्टा पडला होता. तो मोकळा होता. मागं अंधारात, भिंतीला अंग घासून, आक्का बसली होती. मी इतक्या वर्षांत तिचं रक्त कितीदा पाहिलं होतं, तिला पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटली होती त्यापेक्षा लहान. तिचे कान आमच्या दिशेनं उभे होते.

"आज वारं उलटं हाय," डॉक्टर म्हणाले. "वास लागला वाटतं."

थोड्या वेळानं त्यांनी न वळता विचारलं, "हाय?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुन्हा भोकाला डोळा लावला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की तिसरी फेरी करता येईल, दुसरं औषध आहे, मी चौकशी करीन.

"न्हाय ताई. साहेबांचं पत्र आलं. उद्यानवाल्यांनी जागा भरली. दुसरीकडचं दोन बिबटं घेतलं." आवाजात राग नव्हता. "आता टोचत न्हाय मी तिला. जंतू आसंना का. ऱ्हाऊ दे दोघास्नी."

"मग तुम्ही रोज येता ते?"

"लांबनं डोळं बघतो. हिरड्या दिसल्या तर बघतो. आन..." ते थांबले. "घरी तरी काय हाय?"

उन्हाचा पट्टा गजांकडं सरकून बारीक होऊ लागला. आक्का हलली नाही. डॉक्टरांनी एकदा उन्हाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि गुडघ्यांवर हात रोवून उठले. बादली उचलून बाजूला ठेवली, आवाज न करता.

"चला," ते म्हणाले. "मी हाय तवर ती पुढं यायची न्हाय. ऊन जाईल उगं."

आम्ही फाटकाशी आलो. त्यांनी मोटारसायकल सुरू केली नाही, ढकलत रस्त्यापर्यंत नेली. तिथं ते थांबले, वळून केंद्राकडं बघत. इथून पिंजरा दिसत नव्हता, फक्त फाटकात उभे असलेले तात्या दिसत होते. तात्यांची पाठ आमच्याकडं होती. आम्ही किती तरी वेळ तसेच उभे राहिलो.

मग तात्यांनी, मागं न बघता, हात वर केला.

"आली," डॉक्टर म्हणाले, आणि गाडी तशीच ढकलत पुढं निघाले.